पॅनोरमाची गोष्ट: जोडलेल्या फोटोंमध्ये लपलेला वेळ

आजचा भाग सुरू करण्याआधी एक छोटं काम करा. फोनची गॅलरी उघडा, मागे मागे जा आणि तुम्ही काढलेला एखादा पॅनोरमा शोधून काढा. असतोच तो प्रत्येकाकडे. राजगडाच्या बालेकिल्ल्यावरचा, मरीन ड्राइव्हचा, नाहीतर कॉलेजच्या ग्रुपचा. त्या ग्रुपमध्ये एखादा अवली मित्र डाव्या टोकाला उभा असतो. फोन वळायला लागला की तो सगळ्यांच्या मागून पळत जातो आणि उजव्या टोकालाही दात काढत उभा राहतो. एकाच फोटोत दोनदा!

ही युक्ती काही आपल्या पिढीची नाही बरं का. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत 'सर्कट' नावाचा कॅमेरा आला. चावी दिली की तो स्वतःभोवती सावकाश फिरायचा आणि आख्ख्या शाळेचा लांबलचक फोटो काढायचा. त्या काळच्या शाळांच्या फोटोंतसुद्धा दोन्ही टोकांना तोच कार्टा उभा असलेला सापडतो. म्हणजे कॅमेरा नवीन आला की त्याची खोड काढणारी पोरं लगेच तयार होतात, हे शंभर वर्षांपूर्वीही खरं होतं.

पण तो पळणारा मुलगा एक गोष्ट उघडी पाडतो. आपण म्हणतो, फोटो म्हणजे एक क्षण. पॅनोरमा मात्र एक क्षण नसतो. त्याच्या डाव्या आणि उजव्या टोकामध्ये वेळ गेलेला असतो. कधी पाच सेकंद, कधी पाच तास, कधी चार दिवस. तो वेळ फोटोत कुठे गेला, तो कुणी लपवला आणि लपवल्यामुळे काय बिघडलं, हा आजचा विषय.

आधी शब्दाची गोष्ट. 'पॅनोरमा' हा शब्द कॅमेऱ्यापेक्षा जुना आहे. रॉबर्ट बार्कर नावाचा आयर्लंडमध्ये जन्मलेला एक चित्रकार एडिंबरोमध्ये राहायचा. शहराला लागूनच कॅल्टन हिल ही टेकडी आहे. तिथून चारही दिशांना जे दिसतं ते सगळं एकाच गोल चित्रात आणायचं, असं त्याच्या डोक्यात आलं. १७८७ मध्ये त्याने या कल्पनेचं पेटंट घेतलं. पुढच्या काही वर्षांत त्याला नाव मिळालं पॅनोरमा. ग्रीक भाषेत 'पॅन' म्हणजे सगळं आणि 'होरामा' म्हणजे दृश्य. १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्याने खास यासाठी गोल इमारत उभी केली.

आता त्या इमारतीची रचना बघा. प्रेक्षक तिकीट काढून अंधाऱ्या वाटेने आत यायचे आणि जिना चढून मधल्या ओट्यावर पोचायचे. चहूबाजूंनी चित्र. वरची कड दिसू नये म्हणून डोक्यावर छत, खालची कड दिसू नये म्हणून कठडा. चित्र कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं ते कळूच द्यायचं नाही. पॅनोरमाच्या धंद्याचा पहिला नियम तिथेच ठरला: कडा झाका, सांधे झाका.

मग १८३९ मध्ये फोटोग्राफी जगासमोर आली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर हुबेहूब चित्र उमटायला लागलं. त्याला डॅगेरोटाइप म्हणतात. पण भिंगाला दिसतो तो समोरचा एक तुकडा. चित्रकार मान वळवून बाजूचं रंगवू शकतो, पत्रा कसा वळणार?

यावर दोन उपाय निघाले. पहिला म्हणजे भिंगच फिरवायचं. पॅरिसमध्ये फ्रिडरिख फॉन मार्टेन्स याने १८४०च्या दशकात असा कॅमेरा बनवला. त्यात पत्रा वाकवलेला असायचा आणि भिंग एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकायचं. साधारण दीडशे अंशांचं दृश्य एका दमात मिळायचं. दुसरा उपाय आपल्या ओळखीचा: एकाच जागी उभं राहून, थोडं थोडं वळत अनेक फोटो काढायचे आणि नंतर शेजारी शेजारी लावायचे. आजची गोष्ट या दुसऱ्या उपायाची आहे.

१८४८. अमेरिकेतली ओहायो नदी. नदीच्या एका काठावर सिनसिनाटी शहर, समोरच्या काठावर न्यूपोर्ट. चार्ल्स फॉन्टेन आणि विल्यम पोर्टर या दोघांनी न्यूपोर्टच्या बाजूने कॅमेरा लावला आणि समोरचा सिनसिनाटीचा धक्का एकापाठोपाठ आठ पत्र्यांवर टिपला. आगबोटी, गोदामं, दुकानांच्या पाट्या, मागे चढत गेलेली घरं. सुमारे दोन मैलांचा नदीकाठ. हे आठही पत्रे आज सिनसिनाटीच्या सार्वजनिक ग्रंथालयात जपलेले आहेत.

खरी मजा दीडशेहून जास्त वर्षांनी झाली. पत्रे खराब व्हायला लागले म्हणून जतन करणाऱ्या तज्ज्ञांनी ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. डॅगेरोटाइपमध्ये तपशील इतका बारीक असतो की तुम्ही आत आत जात राहा, चित्र फुटत नाही. आपण फोनवर फोटो मोठा केला की चौकोन दिसायला लागतात, तसं तिथे होत नाही. एका मनोऱ्यावर घड्याळ होतं. पत्र्यावर त्याचा आकार जेमतेम एक मिलीमीटर. त्यावरचे काटे वाचता आले. एक वाजून पंचावन्न मिनिटं.

मला ही गोष्ट फार आवडते. कारण इथे सांधे उघडे आहेत. आठ पत्रे, आठ चौकटी, मधे रिकामी पट्टी. हे आठ वेगळे फोटो आहेत हे आठ फोटोच सांगतात. बघणाऱ्याची फसवणूक नाही. आणि त्यामुळेच एका पत्र्यावरची वेळ कळली तर ती त्या पत्र्याची वेळ असते, सगळ्या दृश्याची नाही, हेही लगेच समजतं.

आता आपल्याकडे येऊ. दहा वर्षांनी, १८५८ मध्ये.

फेलिस बियातो हा मूळचा इटालियन फोटोग्राफर फेब्रुवारी १८५८ मध्ये कलकत्त्याला उतरला. त्याआधी त्याने क्रिमियाच्या युद्धात काम केलं होतं. युद्ध संपता संपता पोचायचं आणि जे उरलंय त्याचे फोटो काढायचे, यात तो तयार झाला होता. भारतात त्याला १८५७ च्या उठावाच्या खुणा टिपायच्या होत्या. तो लखनौला गेला, कानपूरला गेला, दिल्लीला गेला. लखनौमध्ये आणि दिल्लीमध्ये त्याने उंचावरून, तुकड्या तुकड्याने शहरांचे पॅनोरमा काढले. दिल्लीचा पॅनोरमा काढला जामा मशिदीच्या मिनारावरून.

जरा थांबून या जागेचा विचार करा. सप्टेंबर १८५७ मध्ये इंग्रजांनी दिल्ली परत घेतली. जामा मशीद जप्त केली. ती पुन्हा मुसलमानांच्या ताब्यात आली १८६२ मध्ये. म्हणजे बियातो मिनारावर चढला तेव्हा ज्यांची ती मशीद, त्यांना तिथे जायला बंदी होती. गोल वळून आख्खं शहर बघण्याची मुभा कुणाला होती, हे त्या फोटोत कुठेच लिहिलेलं नाही. पण कॅमेरा ज्या उंचीवर आहे, त्या उंचीतच ते आलं.

आणि त्या फोटोंमध्ये माणसं जवळपास दिसतच नाहीत. गल्ल्या ओस, गच्च्या रिकाम्या.

का? इथे दोन उत्तरं आहेत आणि दोन्ही खरी आहेत. पहिलं तांत्रिक. त्या काळी काचेवर फोटो उमटायला बराच वेळ लागायचा. झाकण काढायचं, थांबायचं, झाकण लावायचं. तेवढ्यात जो चालतोय तो काचेवर उमटतच नाही, फार तर धुरकट रेघ राहते. भरलेला बाजारसुद्धा त्या काळच्या फोटोत रिकामा दिसू शकतो.

दुसरं उत्तर इतिहासाचं. दिल्ली खरोखर रिकामी केली होती. शहर पडल्यावर रहिवाशांना वेशीबाहेर हाकललं गेलं. हजारो लोकांनी तो हिवाळा उघड्यावर, पडक्या थडग्यांच्या आडोशाने काढला. हिंदूंना आधी परत येऊ दिलं, मुसलमानांना त्यानंतर बराच काळ ताटकळत ठेवलं. मिर्झा गालिब त्या दिवसांत बल्लीमारानमधल्या आपल्या घरातच होते. त्यांच्या पत्रांमधून आणि 'दस्तंबू' या रोजनिशीवजा पुस्तकातून ओस पडलेल्या शहराची हकिगत आपल्यापर्यंत पोचली आहे.

मग त्या फोटोतली एखादी रिकामी गल्ली बघून आपण काय समजायचं? माणसं होती पण कॅमेऱ्याला दिसली नाहीत? की माणसंच नव्हती? नुसत्या फोटोवरून याचं उत्तर मिळत नाही. सगळं दाखवण्याचा दावा करणारं चित्र नेमक्या या प्रश्नावर गप्प बसतं. त्यासाठी गालिब वाचावा लागतो. आणि आपल्या मराठीत सांगायचं तर वरसईचे विष्णुभट गोडसे वाचावे लागतात. बियातो भारतात आला त्याच सुमाराला विष्णुभट झाशीत अडकले होते. एप्रिल १८५८ मध्ये झाशी पडली तेव्हा गल्ल्यांमध्ये काय झालं ते त्यांनी आतून पाहिलं. पुढे ते लिहून काढलं आणि 'माझा प्रवास' म्हणून ते १९०७ मध्ये छापलं गेलं. मिनारावरचा कॅमेरा आणि घरात लपून बसलेला भटजी, यांचं १८५८ एकच होतं का, याचा विचार तुम्हीच करा.

तरीही बियातोचे फोटो टाकून देता येत नाहीत. कारण त्याने टिपलेलं शहर नंतर उरलं नाही. जामा मशीद आणि लाल किल्ला यांच्यामधली दाट वस्ती इंग्रजांनी पाडून सपाट केली. किल्ल्यावरून तोफांचा मारा करताना मधे काही येऊ नये म्हणून. किल्ल्याच्या आतले बहुतेक महाल पाडून बराकी बांधल्या. लखनौमध्ये जुन्या मोहल्ल्यांतून रुंद रस्ते काढले, सैन्याला पटकन हलता यावं म्हणून. ती घरं, त्या गच्च्या, त्या मशिदी कशा उभ्या होत्या हे बघायचं असेल तर आज त्या काचांकडेच यावं लागतं. जिंकणाऱ्यांसाठी काढलेला फोटो हरलेल्यांच्या शहराचा पुरावा होऊन बसला.

आता पुन्हा अमेरिकेत जाऊया. वीस वर्षं पुढे, सॅन फ्रान्सिस्कोला. कारण तिथे एका माणसाने हे काम त्या काळात जितकं मोठं करता येईल तितकं मोठं केलं.

एडवर्ड मायब्रिज. जन्म इंग्लंडमधला, नाव काढलं कॅलिफोर्नियात. माणूस विक्षिप्त. बायकोच्या प्रियकराला त्याने गोळी घालून मारलं होतं आणि १८७५ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. पण तो वेगळ्या एपिसोडचा विषय. १८७७ मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉब हिल टेकडीवरून शहराचा पूर्ण गोल पॅनोरमा काढला. तेवढ्यावर समाधान झालं नाही. १८७८ मध्ये तो जास्त मोठा कॅमेरा घेऊन परत गेला. टेकडीवर रेल्वेतला धनाढ्य मार्क हॉपकिन्स याचा वाडा बांधला जात होता. मायब्रिजने त्या वाड्यावरून तेरा प्रचंड काचांवर तेरा फोटो काढले. शेजारी शेजारी लावले की लांबी होते सुमारे १७ फूट. आपल्या हॉलच्या भिंतीत मावणार नाही एवढी.

त्याचं काम कसं चालायचं ते ऐका. ही ओल्या काचेची पद्धत. काचेवर कोलोडियन नावाचं चिकट द्रावण ओतायचं, ते सगळीकडे सारखं पसरवायचं, अंधारात चांदीच्या क्षाराच्या पाण्यात बुडवायचं. काच ओली आहे तोवरच फोटो काढायचा आणि ओली आहे तोवरच धुवायचा. वाळली की गेली. दीड दोन फुटांची काच, हात थरथरला की संपलं. मग कॅमेरा थोडा वळवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. असं तेरा वेळा.

यात कित्येक तास जातात. आणि तेवढ्या वेळात सूर्य काही थांबत नाही. पहिल्या काचेवर सावल्या एका बाजूला, शेवटच्या काचेवर दुसऱ्या बाजूला. मायब्रिजच्या पॅनोरमात तुम्ही डावीकडून उजवीकडे बघत गेलात की दिवस पुढे सरकतो. आपल्याला वाटतं आपण शहर बघतोय. खरं तर आपण दिवस बघत असतो.

आणि यातच एक गंमत सापडली. अभ्यासकांनी एकेका काचेवरच्या सावल्या तपासल्या. मार्क क्लेट या फोटोग्राफरने तर १९९० मध्ये त्याच जागी जाऊन आख्खा पॅनोरमा पुन्हा काढला. आता तिथे मार्क हॉपकिन्स नावाचं हॉटेल उभं आहे. तेव्हा लक्षात आलं की एक काच क्रमात बसत नाही. शेजारच्या दोन काचांपेक्षा तिच्यावरच्या सावल्या उशिराच्या आहेत. बहुधा मूळची काच बिघडली आणि मायब्रिजने नंतर ती जागा भरून काढली. इमारती बरोबर जुळतात, रस्ते जुळतात, नुसता बघणारा माणूस फसतो. सावली फसवत नाही.

आता त्याच वर्षातली दुसरी गोष्ट जोडून बघा. हॉपकिन्सच्या शेजारचा वाडा लेलँड स्टॅनफर्डचा. तोही रेल्वेवाला, आणि त्याला घोड्यांचा नाद. धावताना घोड्याचे चारही पाय एकाच वेळी जमिनीवरून सुटतात का, हे त्याला बघायचं होतं. जून १८७८ मध्ये पालो आल्टोच्या त्याच्या घोड्यांच्या फार्मवर मायब्रिजने बारा कॅमेरे ओळीने लावले. घोडा पुढे जाईल तशा तारा तुटत गेल्या आणि एकेक कॅमेरा उघडत गेला. अर्ध्याएक सेकंदाचे बारा तुकडे झाले. घोडा खरंच हवेत होता.

म्हणजे तोच माणूस, तेच वर्ष. एकीकडे एका कॅमेऱ्याने काही तासांना गोळा करून एका क्षणासारखं दाखवलं. दुसरीकडे बारा कॅमेऱ्यांनी एका क्षणाला फोडून त्यातला वेळ बाहेर काढला. घोड्याचे फोटो जगभर गाजले, सिनेमाच्या इतिहासात त्यांचं नाव येतं. पॅनोरमा मात्र मागे पडला. मला विचाराल तर ही एकाच कामाची दोन टोकं आहेत.

मायब्रिजच्या शहराचं पुढे काय झालं? १८ एप्रिल १९०६ च्या पहाटे सॅन फ्रान्सिस्कोत भूकंप झाला आणि पाठोपाठ आग लागली. आग तीन दिवस चालली. हॉपकिन्सचा वाडा जळाला, तेरा काचांवर दिसणारं बरंचसं शहर जळालं. काही आठवड्यांनी जॉर्ज लॉरेन्स या फोटोग्राफरने पतंगांच्या माळेला एक भलामोठा कॅमेरा टांगला, सुमारे दोन हजार फुटांवर चढवला आणि उद्ध्वस्त शहराचा रुंद फोटो काढला. त्यात काहीच जोडलेलं नव्हतं. आतली फिल्म वाकवलेली होती आणि फोटो एकाच वेळी उमटला होता. तो एक क्षण होता, पण शहर गेल्यानंतरचा. आधीचं शहर बघायला लोकांना पुन्हा मायब्रिजच्या सावल्यांकडेच यावं लागतं.

आता शेवटचा टप्पा, तुमच्या हातातला फोन. जोडकाम माणसाकडून कॉम्प्युटरकडे कसं गेलं?

हाताने जोडायचं म्हणजे कात्री, गोंद आणि नजर. कॉम्प्युटरला नजर नसते. त्याला दोन फोटो दिले तर यातला खांब आणि त्यातला खांब एकच आहे हे कळायचं कसं? १९९९ मध्ये कॅनडातल्या युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियाच्या डेव्हिड लो यांनी एक पद्धत मांडली. तिचं नाव 'सिफ्ट'. फोटोतले ठळक बिंदू शोधायचे, म्हणजे कोपरे, ठिपके, खिडकीची कड वगैरे. प्रत्येक बिंदूच्या आसपासच्या उजेड-सावलीची आकड्यांत ओळख तयार करायची. फोटो लहान-मोठा झाला, थोडा फिरला, तरी ही ओळख टिकते. मग दोन फोटोंतल्या ओळखी ताडून बघायच्या.

यात चुकीच्या जोड्याही भरपूर लागतात. सोसायटीच्या सगळ्या खिडक्या सारख्याच दिसतात ना! मग खऱ्या जोड्या कोणत्या? यासाठी 'रॅन्सॅक' ही युक्ती वापरतात. काही जोड्या चिठ्ठ्या टाकल्यासारख्या उचलायच्या, त्यांच्यावरून कॅमेरा किती वळला याचा अंदाज करायचा आणि बाकीच्या किती जोड्या त्या अंदाजाशी सहमत आहेत ते मोजायचं. असं शेकडो वेळा करायचं. ज्या अंदाजाला सगळ्यात जास्त मतं, तो खरा. ही युक्ती मार्टिन फिशलर आणि रॉबर्ट बोल्स यांनी १९८१ मध्ये मांडली. ते काम करायचे एसआरआय या संस्थेत, कॅलिफोर्नियाच्या मेनलो पार्कमध्ये. मायब्रिजचा घोडा जिथे धावला ते पालो आल्टो त्याच्या अगदी शेजारी आहे.

२००३ मध्ये मॅथ्यू ब्राउन आणि डेव्हिड लो यांनी हे सगळं एकत्र आणलं. फोटोंचा ढिगारा टाका, कोणता कशाच्या शेजारचा ते कॉम्प्युटर स्वतः ओळखेल आणि पॅनोरमा जोडून देईल. इंग्रजीत याला 'स्टिचिंग' म्हणतात, म्हणजे टाके घालणं. पुढच्या दहा वर्षांच्या आतच पॅनोरमा मोड फोनच्या कॅमेऱ्यात येऊन बसला. बाण हलवा, रेघेवर ठेवा, झालं.

पण टाके घातले तरी ते दिसू नयेत ही जुनी हौस आहेच. त्यासाठी दोन गोष्टी करतात. एक, शेजारच्या फोटोंचे रंग एकमेकांत मिसळायचे. आकाशासारखा सपाट भाग रुंद पट्ट्यात मिसळायचा आणि बारीक तपशील अरुंद पट्ट्यात, म्हणजे कड पुसट होत नाही. पीटर बर्ट आणि एडवर्ड एडेलसन यांनी ही रीत १९८३ मध्येच दाखवली होती. दोन, सांधा सरळ रेषेत न घालता जिथे दोन्ही फोटो सारखे आहेत अशा वाटेने न्यायचा. समजा दोन फोटोंच्या मधोमध कुणी चालत होतं. एका फोटोत तो आहे, दुसऱ्यात नाही. सॉफ्टवेअर सांधा त्याच्या एका बाजूने नेतं किंवा दुसऱ्या बाजूने. एका बाजूने नेला तर तो माणूस फोटोत अख्खा राहतो. दुसऱ्या बाजूने नेला तर तो तिथे कधी नव्हताच. कुठे कधी गफलत झाली की तीन पायांचा कुत्रा निघतो आणि आपण हसून तो फोटो ग्रुपवर टाकतो.

हसायला काही हरकत नाही. पण बियातोच्या रिकाम्या गल्लीची आठवण ठेवा. तिथे माणूस का नाही हे आपल्याला विचारता तरी येत होतं. तुमच्या फोनने सांधा कुठून नेला आणि कुणाला गाळलं हे तयार फोटोवर लिहिलेलं नसतं. फाईलवर एक तारीख आणि एक वेळ असते, जणू सगळं एकदमच घडलं. मायब्रिजच्या काचेवरची सावली निदान चुगली करायची. फोन पाच-सात सेकंदांत वळून होतो, सूर्य तेवढ्यात हलत नाही, सावली काही बोलत नाही.

मग सांधे लपवणं वाईट का? तसं मी म्हणत नाही. मंगळावरचं उदाहरण घ्या. नासाच्या क्युरिऑसिटी रोव्हरने २०१९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये हजाराहून जास्त फोटो काढले आणि त्यांचा सुमारे १८० कोटी पिक्सेलचा पॅनोरमा पृथ्वीवर जोडला गेला. फोटो काढायला साडेसहा तासांहून जास्त वेळ लागला, तोही चार दिवसांत विभागून. सावल्या इकडे-तिकडे जाऊ नयेत म्हणून मंगळावरच्या घड्याळानुसार दुपारी बारा ते दोन याच वेळात काम केलं. मायब्रिजला छळणारा तोच सूर्य इथेही होता. चित्र बघताना सांधा दिसत नाही. पण किती फोटो, किती तास, दिवसातल्या कोणत्या वेळी, हे सगळं नासाने चित्रासोबत सांगितलं. मूळचे सुटे फोटोही जपून ठेवले आणि लोकांना बघायला खुले केले. बघायला अखंड चित्र आणि तपासायला सुटे तुकडे, दोन्ही हाताशी.

हे आपल्याला कुठे लागतं? तुमच्या गावात पूर आला, टेकडी कापली, जुना वाडा पाडायला घेतला, नदीत भराव टाकला, तर आज पहिला फोटो तुमच्यासारखंच कुणीतरी काढतं. उद्या तोच कागद म्हणून पुढे येतो, अर्जाला जोडला जातो, पेपरात छापला जातो. अशा वेळी पॅनोरमा मोडवर भागवू नका. एकाच जागी उभे राहा. फोन स्वतःच्या छातीभोवती फिरवू नका. भिंग जागच्या जागी ठेवून फोन वळवा आणि तुम्ही त्याच्याभोवती फिरा. नाहीतर जवळचा खांब आणि मागचं झाड एकमेकांवरून सरकतात आणि जोड बिघडते. एक डोळा मिटून बोट नाकासमोर धरा आणि मान हलवा, लगेच कळेल मी काय म्हणतोय. प्रत्येक फोटोत आधीच्या फोटोचा साधारण तिसरा हिस्सा पुन्हा येऊ द्या. असे आठ-दहा सुटे फोटो काढा. जोडायचे ते नंतर जोडा, पण मूळचे पुसू नका. प्रत्येकावर त्याची त्याची वेळ असते. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि आतली माहिती गळते, म्हणून मूळ फाईल वेगळी ठेवा, नाहीतर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

फॉन्टेन आणि पोर्टरने आठ पत्रे सुटे ठेवले, म्हणून एका पत्र्यावरचं पावणेदोन-दोनच्या मधलं घड्याळ आज त्याच पत्र्याची साक्ष देतं. तुमच्या आठ फोटोंतही कुठेतरी एखादी पाटी, एखादी सावली, एखादं घड्याळ असेलच.

आजच्यापुरतं एवढंच. मायब्रिजच्या खटल्याबद्दल ऐकायचं असेल तर कळवा, त्याच्यावर अख्खा भाग होईल एवढं साहित्य आहे. आणि गॅलरीतला तो दोन टोकांना उभा असलेला मित्र सापडला असेल, तर हा भाग त्याला पाठवा. भेटूया पुढच्या वेळी.